हमीपत्र बिल्डरचे, टँकरचे बिल रहिवाशांचे

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

गृहनिर्माण सोसायट्यांचे लेखापरीक्षण करणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. पुण्याच्या जुन्या पेठेतल्या सोसायटीचे उत्पन्न-खर्च पत्रक आणि वाघोली, मांजरी, सूस, म्हाळुंगे या पट्ट्यातल्या नव्या सोसायटीचे पत्रक शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. जुन्या सोसायटीत मोठा खर्च सुरक्षारक्षकांचा आणि लिफ्टचा. नव्या सोसायटीत त्या सगळ्यांच्या वर 'पाणी टँकर' येऊन बसलेला असतो.

त्या खर्चाची व्हाउचरे कधी मागवून पाहा. हातभर लांब दोऱ्यात ओवलेली चिटोरी. त्यावर गाडीचा नंबर, तारीख, '१०,००० लि.' आणि वॉचमनची सही. गाडी काठोकाठ भरलेली होती का, पाणी कुठल्या विहिरीचे की बोअरचे, याचा पत्ता नाही. मी अहवालात शेरा मारतो, कमिटी माना डोलावते, पुढच्या वर्षी तशीच चिटोरी पुन्हा समोर येतात.

माणशी दिवसाला १३५ लिटर हा नेहमीचा निकष. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. २०० फ्लॅटच्या सोसायटीत महापालिकेचे पाणी आलेच नाही, तर रोज जवळपास ११ टँकर. हे झाले साध्या दिवसाचे; एप्रिल-मेमध्ये दर टँकरवाला सांगेल तो. वर ही रक्कम वाटायची कशी यावरून सभेत भांडणे. सोसायटीचे उपविधी, म्हणजे तिची नियमावली, म्हणतात, पाण्याचा आकार नळांच्या संख्येवर. टँकरचा मात्र बहुतेक ठिकाणी सरसकट भाग पडतो, आणि एकटी राहणारी आजी सहा जणांच्या घराएवढेच पैसे भरते.

आता मूळ मुद्दा. पाणी नसलेल्या ठिकाणी इमारतीला परवानगी मिळते कशी? विकसक हमीपत्र देतो, की महापालिकेचे पाणी येईपर्यंत मी पाण्याची सोय करीन. कागद फायलीत लागतो, इमारतीत राहायला परवानगी देणारे भोगवटा प्रमाणपत्र निघते. रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या कलम ११ नुसार रहिवाशांची संस्था ताबा घेईपर्यंत अत्यावश्यक सेवा पुरवणे ही विकसकाची जबाबदारी, तीही वाजवी आकार घेऊन. म्हणजे सोसायटीची नोंदणी झाली, हस्तांतर झाले, की ती जबाबदारी कमिटीच्या गळ्यात. पाईपलाईन तोवर आलेली असतेच असे नाही. हमीपत्र मात्र त्या दिवसापासून रद्दी. हमी घेणाऱ्या कार्यालयाने ती वसूल करायला कुणाच्या दारी जावे, तर तशी तजवीजच नाही: अनामत नाही, बँक गॅरंटी नाही, मुदतही नाही.

बरे, पाण्याच्या नावाने पैसे घेतलेच गेले नाहीत असेही नाही. बांधकाम परवानगी देताना एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या कलम १२४ अ खाली सार्वजनिक सुविधांसाठी विकास शुल्क घेतले जाते. ते शेवटी फ्लॅटच्या किमतीतच येते. विक्री करारात पाणी, वीज व इतर जोडण्यांसाठी म्हणून अनामतीचे वेगळे कलम असते, तेही ग्राहक भरतो. मग टँकर. आणि मिळकतकराच्या बिलात जललाभ कर हे शब्द छापलेले असतात. लाभ कसला, हे मला एका सदस्याने सभेत विचारले होते. उत्तर माझ्याकडे नव्हते.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. त्या २३ गावांत बांधकाम परवानगी आणि विकास शुल्क पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) राहिले, पाणी देण्याचे काम महापालिकेकडे. पैसे एकाकडे, पाईप दुसऱ्याकडे, आणि मधल्या फटीतून टँकर धावतात. याचा दोष एकट्या बिल्डरवर टाकणे मला पटत नाही. त्याने शुल्क भरले आहे. ते घेणाऱ्याने त्याबदल्यात कुठलीही तारीख दिलेली नाही.

न्यायालयांना यात पडावे लागले ते उगाच नव्हे. २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या बांधकामांना पाणीटंचाईमुळेच रोखले होते. आणि २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय आला, तेव्हा विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प या सगळ्यांच्या पाण्याची तपासणी घाईघाईने सुरू झाली. तोवर ते कोण तपासत होते?

शासनाला उपाय माहीत नाही, असे मी म्हणणार नाही, कारण तो शासनानेच लिहिलेला आहे. १०० एकरांवरच्या विशेष नगर वसाहतीसाठी २००५ सालापासून अट आहे: भूजल सोडून पाण्याचा स्रोत स्वतः उभारा किंवा पाणीपुरवठा करणाऱ्या यंत्रणेची पक्की हमी आणा, माणशी किमान १४० लिटर. मोठ्याला हा नियम, आणि चार एकरांवर ३०० फ्लॅट उभे करणाऱ्याला साध्या कागदावरची सही. तीच अट १०० फ्लॅटच्या वरच्या प्रत्येक प्रकल्पाला लावा. जिथे स्रोत दाखवता येत नाही, तिथे हमीपत्राऐवजी पाच वर्षांच्या टँकरखर्चाइतकी बँक गॅरंटी घ्या, आणि ती सोसायटीला हस्तांतरानंतरही वटवता यावी. घरे महागतील, अशी ओरड होईल. ती महागच आहेत. फक्त आज ग्राहकाला ते गृहकर्जाचे हप्ते सुरू झाल्यावर कळते. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पाच्या पानावर पाणी कुठून येणार एवढी एक ओळ सक्तीची केलीत, तरी बुकिंगच्या टेबलावरचे संभाषण बदलेल.

जे आधीच राहायला आले आहेत, त्यांच्यासाठी एकच मागणी. पीएमआरडीए आणि महापालिका यांनी २३ गावांतून आजवर किती विकास शुल्क जमा झाले, त्यातले पाण्याच्या कामांवर किती खर्च झाले आणि प्रत्येक गावात पाईपलाईनने पाणी कोणत्या महिन्यात येणार, हे गाववार जाहीर करावे. आणि तोवर त्या मिळकतींच्या बिलातून जललाभ कर वगळण्याचा आदेश आपल्या खात्याने काढावा.

आपला,
एक लेखापरीक्षक, पुणे