जनावरांच्या दवाखान्यात आधी दुर्बीण हवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर आपल्या सदरात आलेल्या काही पत्रांत, मोठ्या शहरांप्रमाणे बेळगावातही नसबंदी लॅप्रोस्कोपीने व्हावी, अशी मागणी वाचनात आली. तिच्यामागचा कळवळा मान्य करूनही अग्रक्रम चुकतो आहे, असे मला वाटते. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्याला आज खरी निकड आहे ती अन्ननलिकेत आणि जठरात उतरणाऱ्या लवचीक दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपची.

लॅप्रोस्कोपीत पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, अर्धा ते एक सेंटिमीटरच्या दोन-तीन छिद्रांतून कॅमेरा व हत्यारे आत घालतात आणि रक्तवाहिन्या जाळून बंद करून अंडाशय काढतात. नेहमीच्या शस्त्रक्रियेत अंडाशय जखमेपर्यंत वर आणण्यासाठी त्याचा बंध ताणून तोडावा लागतो. तो ताण इथे टळत असल्याने कुत्रीला नंतरच्या वेदना कमी होतात. पाळीव कुत्रीसाठी ज्याला परवडेल त्याने हा मार्ग जरूर निवडावा. ग्रेट डेन, डॉबरमन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींत जठर फुगून त्याला पीळ पडला तर काही तासांत जीव जाऊ शकतो, आणि हा पीळ पडू नये म्हणून जठर पोटाच्या भिंतीला टाचण्याचे काम त्याच वेळी, त्याच छिद्रांतून करता येते. शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळ हाउंडची छातीही खोलच असते, तेव्हा ही जात पाळणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना याविषयी अवश्य विचारावे. परंतु २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांखाली रस्त्यावरच्या कुत्र्यांची जी मोहीम चालते, तिचे यश ठरते संख्येवर. हात बसलेला पशुवैद्य कुशीतल्या लहानशा छेदातूनही ती शस्त्रक्रिया लवकर उरकतो. तिथे गॅसचे सिलिंडर आणि कॅमेरा आणल्याने खर्च तेवढा वाढेल आणि त्याच पैशात होणाऱ्या शस्त्रक्रिया घटतील.

अन्ननलिकेत अडकलेल्या हाडाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे दुसरा सोपा पर्यायच नसतो. रविवारच्या मटणानंतर कुत्र्याच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागतात, तो मान ताणून पुन्हा पुन्हा गिळू पाहतो आणि खाल्लेला घास जसाच्या तसा बाहेर टाकतो. हाड बहुधा छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर किंवा श्वासपटलाच्या अलीकडे रुतते, आणि जसजसा वेळ जातो तसतशी दाबाखालची भिंत सडून तिला भोक पडण्याचा धोका वाढतो. आमच्या गल्लीतल्या एका कुत्र्याच्या एक्स-रेत मटणातल्या मणक्याचा तुकडा हृदयाच्या वर स्पष्ट दिसत होता. छाती उघडून तो काढायचा, तर शस्त्रक्रियेच्या वेळी यंत्राने श्वास द्यावा लागतो, आणि ती सोय इथे नव्हती. त्या कुटुंबाने रातोरात गाडी करून साडेतीनशे किलोमीटरच्या घरात असलेले पुणे गाठले. दुर्बिणीतून घातलेल्या चिमट्याने तुकडा मागे येईना, तेव्हा डॉक्टरांनी तो हलकेच जठरात ढकलला. तिथल्या आम्लात हाड विरघळते, त्यामुळे पुढे काही कापावे लागले नाही. अशा वेळी हाड ‘खाली जावे’ म्हणून भाकरीचा गोळा किंवा तेल पाजण्याची आपल्याकडे रीत आहे. गोळ्याने हाड अधिक घट्ट बसते आणि तेल श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना सूज येते. गाडीची सोय नसलेल्या माणसाने काय करायचे, याचे उत्तर आज जिल्ह्यात कुणापाशी नाही.

दुर्बीण सर्व दुखण्यांवरचा इलाज नव्हे, हेही नमूद केले पाहिजे. शहापूर-वडगावातल्या माग असलेल्या विणकरांच्या घरांत मांजरे धाग्यांशी खेळतात आणि कधी सुईसकट दोरा गिळतात. तो जठरातच असेल तर दुर्बिणीने काढता येतो. पण एक टोक जिभेखाली गुंतून उरलेला दोरा आतड्यात उतरला, की आतडे नाडी ओढलेल्या परकराप्रमाणे चुण्या पडून गोळा होते. असा दोरा तोंडाकडून वा शेपटीकडून कधीही ओढू नये. तो आतड्याला चिरत जातो. तिथे पोट उघडण्यावाचून गत्यंतर नसते आणि जितके लवकर उघडावे तितके बरे.

माणसाला तोंड उघडून स्वस्थ पडायला सांगता येते, बोक्याला ते सांगून पाहावे! त्यामुळे प्राण्यांची एंडोस्कोपी पूर्ण भूल देऊनच करावी लागते, आणि दुर्बिणीच्या आधी आयसोफ्लुरेनसारखी गॅसची भूल देणारे यंत्र, प्राणवायू व हृदयावर नजर ठेवणारा मॉनिटर लागतो. हा खर्च वाया जात नाही, कारण नेहमीच्या शस्त्रक्रियाही त्याने अधिक सुरक्षित होतात. माणसांसाठीची सुमारे ९ मिलिमीटर जाडीची दुर्बीण मध्यम व मोठ्या कुत्र्यांना चालते. बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयांनी नवी यंत्रे घेताना जुनी पण चालू स्थितीतली दुर्बीण सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालयाला द्यावी आणि पशुसंगोपन खात्याने निदान दोन डॉक्टरांना तिचे प्रशिक्षण द्यावे. दोन अशासाठी की एकाची बदली झाली तर यंत्र कपाटात बंद होऊन पडते, हा अनुभव सीमाभागाला नवा नाही.

भुलेपूर्वी सही करायचे संमतीपत्र आणि घरी जाताना मिळणारा सूचनांचा कागद कन्नडबरोबर मराठीतही छापावा. किती तास उपाशी ठेवायचे, पातळ अन्न कधी सुरू करायचे आणि कोणते लक्षण दिसताच परत आणायचे, हे प्राण्याच्या मालकाला स्वतः वाचता आले पाहिजे.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव