मॅकॉय घराण्याचा आजार आणि टग खोऱ्यातलं वैर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या हॅटफील्ड आणि मॅकॉय घराण्यांच्या वैरावर लेख वाचला. लेख रंगतदार आहे, पण शेवटी लेखकाने मॅकॉय घराण्यात पिढीजात आलेल्या एका आजाराचा दाखला देऊन ‘म्हणूनच ही माणसं इतकी तापट होती’ असं ठरवून टाकलं आहे. मी निवृत्त फिजिशियन आहे. त्या आजाराचे रुग्ण मी तपासले आहेत आणि या घराण्यांबद्दल बरंच वाचलंही आहे. त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही.

आजार खरा आहे. त्याचं नाव व्हॉन हिपेल-लिंडाऊ. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात दोष असतो. तो आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. डोळ्याचा पडदा, मेंदू, मूत्रपिंड, स्वादुपिंड यांत गाठी होतात. काही कुटुंबांत मूत्रपिंडावरच्या अॅड्रेनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होते आणि ती मनाला येईल तेव्हा अॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं रक्तात सोडते. टेनेसीतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या डॉक्टरांना मॅकॉयांच्या काही वंशजांत या गाठी आढळल्या. २००७ साली ती बातमी जगभर गेली आणि वैराचं कोडं सुटलं, असा गाजावाजा झाला.

माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेचं सांगतो. कित्येक महिने त्यांना ‘टेन्शन घेऊ नका’ एवढाच सल्ला मिळत होता. माझ्यासमोर बोलता बोलता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, कपाळावरून घाम ओघळू लागला. मनगट धरलं तर नाडी मोजता येईना, बीपीचा पारा दोनशेच्या वर. त्या टेबलाची कड घट्ट धरून एकच विचारत होत्या, ‘डॉक्टर, मी जाते का हो?’ थोड्या वेळाने सगळं आपोआप ओसरलं आणि त्या गळून गेल्या. चिडचिड या रुग्णांत होते, नाही असं नाही. पण झटका आला की माणूस भीतीने गारठतो, स्वतःलाच सावरत बसतो. असा माणूस दहा-बारा वर्षं वैर चालवतो, हे माझ्या वैद्यकीय बुद्धीला पटत नाही.

आता मॅकॉय घराण्याचा प्रमुख रॅन्डॉल्फ मॅकॉय याने काय केलं ते पाहू. केंटकी आणि वेस्ट व्हर्जिनिया यांच्यामधून टग फोर्क नदी वाहते. केंटकीच्या बाजूला मॅकॉय, वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूला बहुतेक हॅटफील्ड. १८७८ साली आपलं डुक्कर फ्लॉइड हॅटफील्डने चोरलं असा रॅन्डॉल्फला संशय आला, तेव्हा तो बंदूक घेऊन धावला नाही, कोर्टात गेला. न्याय करायला बसलेला गृहस्थ हॅटफील्ड, पंचांत सहा हॅटफील्ड आणि सहा मॅकॉय. तरी निकाल रॅन्डॉल्फच्या विरुद्ध लागला, कारण सेल्कर्क मॅकॉयने हॅटफील्डांच्या बाजूने मत दिलं. हा सेल्कर्क हॅटफील्ड घराण्याचा प्रमुख डेव्हिल ॲन्स याच्या लाकूडतोडीच्या कामावर होता. रक्तापेक्षा रोजगार जड ठरला, आणि हे त्या सबंध वैरात पुनःपुन्हा दिसतं.

ऑगस्ट १८८२मध्ये निवडणुकीच्या दिवशी रॅन्डॉल्फच्या तीन मुलांनी ॲन्सच्या भावाला, एलिसनला, भोसकलं आणि गोळीही घातली. हे कृत्य भयंकरच होतं. हॅटफील्डांनी त्या तिघांना कायद्याच्या ताब्यातून ओढून नेलं, एलिसनचा जीव जाईपर्यंत वाट पाहिली आणि मग केंटकीच्या काठावर पॉपॉच्या झाडांना बांधून त्यांना गोळ्या घातल्या. वाट पाहणं हे डोकं थंड असल्याचं लक्षण आहे. शिवाय आजार निघाला तो मॅकॉयांच्या वंशात, झाडांना बांधणारे होते हॅटफील्ड. तीन मुलगे गमावल्यावरही रॅन्डॉल्फ पुन्हा कायद्याकडेच वळला. वीस जणांवर आरोप ठेवले गेले आणि पाच वर्षं त्यावर कोणी हललं नाही.

ते प्रकरण १८८७मध्ये उकरून काढलं पेरी क्लाइन या केंटकीतल्या पाइकव्हिलच्या वकिलाने. त्याची पाच हजार एकर जंगलजमीन त्याआधी ॲन्सने कोर्टातून मिळवली होती. रेल्वे डोंगरात शिरणार हे तोवर उघड झालं होतं. लाकूड आणि कोळसा असलेल्या जमिनीचं मोल चढू लागलं होतं. १ जानेवारी १८८८च्या रात्री हॅटफील्डांनी रॅन्डॉल्फचं घर पेटवलं तेव्हा त्याची मुलगी ॲलिफेअर आग विझवायला विहिरीकडे निघाली होती. तिला तिथेच गोळी घातली. तिच्याकडे सरकू पाहणाऱ्या आईला बंदुकीच्या दस्त्याने बेदम मारलं. भाऊ कॅल्विनही त्या रात्री गेला. न्यूयॉर्कचे बातमीदार आले ते या सुमारास, आणि डोंगरातली माणसं जात्याच रानटी, हे चित्र त्यांनी देशभर पोचवलं. क्लाइनची जमीन आणि लाकडाचे दावे त्या बातम्यांत कुठे नव्हते. ‘जनुकाचा दोष’ ही त्याच चित्राची नवी आवृत्ती आहे, आणि माझी तक्रार एवढीच आहे की ती आपल्या पुरवणीतही छापली गेली.

वंशजांचं पुढे काय झालं, याबद्दल लेखात एक ओळही नाही. ॲन्सचा पुतण्या हेन्री हॅटफील्ड डॉक्टर झाला, १९१३मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचा गव्हर्नर झाला. तिथल्या पेंट क्रीकच्या कोळसाखाणीत संप पेटलेला असताना तो औषधांची बॅग घेऊन तिथे गेला आणि लष्करी कैदेत न्यूमोनियाने आजारी पडलेल्या कामगार नेत्या मदर जोन्सना त्याने स्वतः तपासलं. (त्याच गव्हर्नराने समाजवादी वृत्तपत्रं बंद पाडली, हेही लिहायला हवं.) मेटवनचा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड १९२०मध्ये खाणमालकांच्या भाडोत्री डिटेक्टिव्हांसमोर कामगारांच्या बाजूने उभा राहिला. पुढच्या वर्षी वेल्चच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर त्याचा खून झाला आणि त्या संतापातून खाणकामगारांची ब्लेअर माउंटनची सशस्त्र लढाई पेटली. ॲन्सचा मुलगा कॅप, जो त्या आगीच्या रात्री हल्लेखोरांत होता, त्याने १८९१मध्ये एका वृत्तपत्राला पत्र लिहून वैर संपल्याचं जाहीर केलं. २००३ साली १४ जूनला पाइकव्हिलमध्ये साठांहून अधिक वंशजांनी समेटाच्या कागदावर सह्या केल्या. तो समारंभ प्रतीकात्मक होता, पण सह्या करणारे मनापासून आले होते असं मी मानतो.

आणि त्याच खोऱ्यातलं विल्यमसन. जेमतेम तीन हजार वस्तीच्या या गावातल्या दोन औषधदुकानांत सुमारे दहा वर्षांत दोन कोटी आठ लाख वेदनाशामक ओपिऑइड (अफूच्या जातीच्या, व्यसन लावणाऱ्या) गोळ्या पोचल्या, असं अमेरिकी काँग्रेसच्या समितीने २०१८मध्ये उघड केलं. डॉक्टर म्हणून हा आकडा वाचताना मला लाज वाटते. हासुद्धा कोणाच्या रक्तातला दोष नव्हे, गोळ्या पाठवणाऱ्यांनी डोळे मिटून घेतले होते.

माझी विनंती अशी, की हा आजार वैराच्या गोष्टीत मसाला म्हणून न येता आजार म्हणून छापावा. तो साधारण छत्तीस हजारांत एकाला होतो, म्हणजे आपल्याकडेही अशी कुटुंबं आहेत. घरात कोणाला डोळ्याच्या पडद्यातली, मेंदूतली किंवा अॅड्रेनलची अशी गाठ निघाली असेल, तर मुलांचे डोळे लहानपणापासून दर वर्षी तपासावेत, जनुकाची चाचणी करावी, आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञाला हा कुटुंबवृत्तान्त सांगावा. न ओळखलेली अॅड्रेनलची गाठ भुलेखाली जीव घेऊ शकते. आधी काही दिवस योग्य औषधं दिली तर तीच शस्त्रक्रिया सुखरूप पार पडते. काही गाठींसाठी आता गोळीही निघाली आहे, तिला अमेरिकेत २०२१मध्ये मान्यता मिळाली. पुढच्या पुरवणीत एवढी चौकट द्यावी. मजकूर तपासून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त फिजिशियन, नाशिक