दांडी किनाऱ्यावरच्या त्या दोघा दादांचे आभार

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर आमच्या होडीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते) एकाच सिलिंडरवर फटफटत होतं, तेव्हा जाळी शिवायची ठेवून धावून आलेल्या दोघा दादांचे मनापासून आभार. गडबडीत नावं विचारायची राहिलीच.

थोरल्यांनी दोन्ही सिलिंडरचे ठिणगी पाडणारे प्लग काढून दाखवले: वरचा तपकिरी, कोरडा, खालचा पेट्रोलने चिंब. म्हणजे पेट्रोल पोचतंय, ठिणगी नाही. (आमचा मेकॅनिक कार्बोरेटर खोलायला निघाला होता!) प्लग अदलाबदल केले, तरी ओला खालचाच. मग प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइल आपसांत बदलल्या आणि दोष वरच्या सिलिंडरला गेला, म्हणजे बिघाड कॉइलमध्येच. त्या कॉइलच्या अंगाला केसाएवढी चीर, तिच्यात मिठाची पांढरी रेघ.

धाकट्यांनी स्वतःच्या जुन्या इंजिनाची कॉइल बसवून दिली, पैशाला हातही लावला नाही. दादांनो, नवी कॉइल आली आहे. तुमची परत द्यायला रविवारी सकाळी येतोय.