खुराडं फेकू न देणाऱ्या चाचांना

चाचा, सलाम.

तुम्ही मजुरी घेतली नाही, आणि आभार मानायला तोंड उघडलं की वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढता. म्हणून चारचौघांत लिहितोय. नातवाकडून वाचून घ्या.

गेल्या मेमध्ये तुमच्या दुकानात आलो होतो ते नवं लोखंडी खुराडं बनवून घ्यायला. आधीचं मोबाईलवर फोटो बघून मागवलेलं. लाकडी, वर डांबरी कागदाचं उतरतं छप्पर, बाजूला अंडी काढायचं झाकण. बैठकीत ठेवावं इतकं देखणं. 'सहा कोंबड्यांसाठी' असं लिहिलं होतं, म्हणून बाजारातून सहा तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणल्या. महिनाभरात चार उरल्या. एक भर दुपारी आत मरून पडली, एक मुंगसानं नेली. एवढं ऐकून तुम्ही म्हणालात, "फेकू नक्को सर. पैले देखने दो." दारात आलेलं काम असं कुणी घालवतं का?

आणि बघायला आलात तेही दुपारी अडीचला. परभणीत पारा 44 वर, रस्त्यावर कुत्रं नाही. तुम्ही खुराड्यात हात घातला, मग मलाही घालायला लावलात. भट्टीच होती. "शाम को आता तो ये कैसा दिखता?" कोंबडीचं अंग मुळातच 41 अंशांच्या आसपास, घाम तिला येत नाही, चोच वासून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून दूर धरायचे, एवढंच तिच्या हातात. हवा खेळायला त्या डब्यात वर एक भोकसुद्धा नव्हतं. मेलेली तलंग बघून मी रोग आला म्हणत बसलो होतो. मानमोडीची लस दिलेली होती, तरी!

मग टेप काढलीत. आतली जागा 3 बाय 2 फूट. एका कोंबडीला 2 चौरस फूट तरी पाहिजे, म्हणजे हिशेबानं तीनच. सहा बसल्या असत्या, पण आपल्या एसटीत बसतात तशा. चौथीला काढू नये म्हणून तुम्ही पुढे अँगलचं 6 बाय 4 फुटांचं जाळीदार अंगण जोडलंत. दिवसभर चौघी तिथंच असतात, आत फक्त झोपायला आणि अंडी घालायला.

छपराच्या वर वीतभर अंतर सोडून पत्रा बसवला, त्याला वरून चुना, त्यावर कापसाच्या पऱ्हाट्यांचा थर. भिंतींना छपरालगत दोन्ही बाजूंनी झरोके कापून जाळी मारली. गोणपाट भिजवून टाकायची तुमची सूचना मात्र मी पाळली नाही. मेमध्ये आमच्या गल्लीत नळ आठवड्यानं येतो, चाचा. माणसांनाच पुरत नाही.

मला सगळ्यात आवडलं ते दांडीचं. कोंबड्या अंड्यांच्या पेटीतच झोपतात, अंडी घाणीनं माखतात, ही माझी तक्रार. मी त्यांना आळशी म्हणत होतो. तुम्ही बोटानं दाखवलंत: बसायची दांडी खाली, पेटी वर. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते, तिचं काय चुकलं? ती गुळगुळीत बारीक दांडी काढून मनगटाएवढी कडुनिंबाची फांदी पेटीपेक्षा हातभर उंच बसवलीत. त्या रात्री बॅटरी घेऊन बघायला गेलो. चौघी ओळीनं, पंजे पोटाच्या पिसांत झाकून. दुसऱ्या दिवसापासून अंडी स्वच्छ.

मुंगसाची जाळी मी जमिनीत फूटभर गाडा म्हणत होतो, कुठंतरी वाचलं होतं. तुम्ही पायाखालच्या भेगेत काठी घातलीत, ती कोपरापर्यंत आत गेली. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. गाडलेलं काही जागेवर राहत नाही. म्हणून खाली मुरूम दाबून घेतला, जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरली आणि वर शहाबादी फरश्या ठेवल्या. षटकोनी तारेची जाळी काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावली, तकलादू आकड्याच्या जागी कडी-कोयंडा आला. पावसाळ्यात एका सकाळी फरशीच्या कडेला उकरल्याच्या खुणा होत्या. आत काही नाही.

खुराड्यात अंथरलेल्या भुशाचं तुमचं सांगणंही पाळतो: सकाळी डोकं आत घालायचं, नाक चुरचुरलं की भुसा बदलायचा. शेजारी हसतात.

आता ताजी खबर. तांबडी खुडूक झाली आहे. पेटीतून उठायला तयार नाही, हात नेला की फुगून चोच मारते. आपल्याकडे कोंबडा नाही, म्हणून परवा तुमच्या नातवाकडून अकरा अंडी मागवली आणि तिच्याखाली ठेवली. ती कशाला हवीत हे तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. 21 दिवसांनी जी पिल्लं निघतील त्यातली निम्मी तुमची, अर्धलीनं. मजुरीला तुम्ही नाही म्हणालात, पण अर्धलीला नाही म्हणता यायचं नाही, अंडी तुमचीच आहेत.

तुमचा,
गल्लीतला कोंबडीवाला सर