आई, पेन्सिलच्या खुणा मध्येच का थांबल्या?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, मायना बरोबर लिहिलाय. पुढे काही चुकलं तर सांभाळून घ्या. रोज फोन होतो मग पत्र कशाला, असं आई म्हणेलच. पण फोनवर आपण औषधं घेतली का, झोप झाली का, इथेच अडकतो. मला जे सांगायचंय त्याला जरा ऐसपैस जागा हवी.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी माझा फोन लागत नाही, अशी तुमची तक्रार असते. त्या वेळी आम्ही पाच जण पुस्तकावर बोलत असतो. वर्ष झालं या उद्योगाला. महिन्याला एक पुस्तक, निवडायची पाळी एकेकाची. नियम दोनच. पुस्तक संपलं नसलं तरी यायचं, आणि आपल्याला आवडलेला एक तरी परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवायचा. गोष्ट कुणी सांगत बसायची नाही.

हिशोब आधीच देऊन टाकते, कारण बाबा विचारणारच. बारापैकी नऊ पुस्तकं पूर्ण वाचली. दोन अर्ध्यात सोडली. आणि एक वाचल्याचं खोटं सांगितलं. ते खोटं पचलंही नाही. मलपृष्ठावरच्या मजकुराच्या जोरावर मी दहा मिनिटं छान बोलले. मग एकाने शांतपणे विचारलं, "शेवटी तो भाऊ परत येतो ते तुला पटलं का?" मी म्हटलं, हो, पटलं. त्या पुस्तकात भाऊच नव्हता! चाळिशी ओलांडलेल्या बाईला असं पकडल्यावर कसं वाटतं ते विचारू नका. गृहपाठाची वही घरी राहिली असं मी सांगायचे, तेव्हा आई जशी बघायची, तसे चार चेहरे स्क्रीनवर होते.

पण त्या दिवसापासून माझं वाचन सुधारलं हेही खरं. मी किती धावत वाचते हे मला माहीतच नव्हतं. वर्णन आलं की उडी, मोठा परिच्छेद आला की उडी, संवाद दिसला की थांबायचं. मोठ्याने वाचायचं म्हटलं की उडी मारता येत नाही. जीभ प्रत्येक शब्दावरून जाते. आमच्यातली एक डॉक्टर आहे, तिला बसून वाचायला वेळ मिळत नाही, ती पुस्तकं कानाने ऐकते. हे वाचन धरायचं की नाही यावर आमचे दोन रविवार गेले. मी विरोधात होते. आता नाही. आमच्यापैकी कुणाला आठवत नाहीत अशी वाक्यं तिला आठवतात.

भांडणं झाली. सगळ्यात मोठं विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'वरून. एवढंसं पुस्तक, १९३९ सालचं, जवळजवळ सगळं एका बोटीवर घडणारं. युरोपातून परतणारा चक्रधर आणि देश सुटलेली ज्यू मुलगी हेर्टा. मुंबईला तो उतरतो, तिला पुढे जावं लागतं. एक म्हणाला, कायदाच तसा होता, तो बिचारा काय करणार? दुसरी म्हणाली, बिचारा कुठला, त्याने आधीपासून मनात पळवाट ठेवली होती. आवाज इतके चढले की ही दोघं पुढचा महिनाभर एकमेकांशी बोलली नाहीत. लग्नाला पंधरा वर्षं झालेलं जोडपं आहे ते! पुस्तकाच्या आडून ती काय भांडत होती ते आम्ही तिघांनी ओळखलं आणि गप्प राहिलो. पुढच्या वेळी दोघंही आली. तो विषय पुन्हा कुणी काढला नाही.

बाबा, हे तुमच्यासाठी. पावसाळ्यात माझी पाळी होती, मी विष्णुभट गोडशांचं 'माझा प्रवास' निवडलं. तुमच्या तोंडून नाव ऐकत आले होते, वाचलं कधीच नव्हतं. घरावर कर्ज, म्हणून हा भिक्षुक दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेकडे निघतो आणि नेमका १८५७ च्या धामधुमीत सापडतो. झाशीला वेढा पडतो तेव्हा आत शहरातच असतो. हे सगळं त्याने लिहिलं जवळजवळ पंचवीस वर्षांनी, आणि छापून आलं १९०७ मध्ये. आमच्यातल्या एकाने त्याला भित्रा ठरवलं. शहर जळत असताना हा लपून बसतो, म्हणे. मला राग आला. लढायला गेलेला माणूस नव्हताच तो, चार पैसे मिळवायला गेला होता. आणि लपला म्हणूनच आपल्याला कळलं की अशा वेळी घरात दडलेल्या माणसांचं काय होतं. झाशी पडल्यावर वाटेत विहिरीवर त्याला राणी भेटते ती जागा मी वाचून दाखवली. धुळीने माखलेली, तहानलेली. हा पाणी काढून द्यायला पुढे होतो, तर ती त्याला काढू देत नाही, स्वतः काढून पिते. वाचताना माझा आवाज जरा हलला. नेटवर्क गेलं असं मी सांगितलं. हेही खोटंच.

त्या पुस्तकात कुणाचंच लक्ष गेलं नाही अशी एक गोष्ट माझ्या डोक्यात बसून आहे. वाटेत लुटला गेला, मिळवलेलं बरंचसं गेलं, तरी घरी परतताना त्याने गंगेचं पाणी आणलं आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातलं. एवढ्या लांबून, बहुतेक पायी, पाणी सांभाळत! मी तुमच्याकडे येते ती दोन दिवसांच्या सुट्टीत, लॅपटॉपची बॅग घेऊन. असो.

आता आई. गेल्या वेळी निघताना कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' मी न विचारता उचललं. तुझी प्रत, पाठीला चिकटपट्टी लावलेली. आमचं शेवटचं पुस्तक तेच होतं. शाळेची पायरी न चढलेली बाई, लग्नानंतर घरात अक्षरं शिकलेली, आणि लिहिते कशी तर समोर बसून सांगितल्यासारखी. पण मी वाचत होते ते लक्ष्मीबाईंना कमी आणि तुलाच जास्त. समासात पेन्सिलच्या बारीक उभ्या रेघा. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या, सारखं धूत बसण्याच्या वेडाची पानं आहेत, तिथे तीन रेघा आणि एक उद्गारचिन्ह. तू हसली असणार. नवरा न सांगता कुठेतरी निघून जातो, अशा जागांपाशी रेघ जाड झालेली. (बाबा, तुम्ही मनावर घेऊ नका.) आणि शेवटच्या कोऱ्या पानावर तुझ्या अक्षरात: "उंची २४, खांदा ९, बाही ५." माझ्या फ्रॉकची मापं! पुस्तक हातात, मांडीवर टेप, आणि मी समोर उभी राहून चुळबुळ करतेय, असं चित्र लगेच डोळ्यांपुढे आलं. मला ते मुळीच आठवत नाही.

निम्म्यावर खुणा थांबतात. नवरा, ना. वा. टिळक, ख्रिस्ती झाल्याची, १८९५ सालची, बातमी घरी येते आणि लक्ष्मीबाईंचं सगळं कोसळतं, तिथपर्यंत रेघा आहेत. त्यानंतर एकही नाही. पुढची पानं कोरी करकरीत, दोन तर एकमेकांना चिकटलेली, मी हलक्या हाताने सोडवली. मी हे आमच्या मंडळींना सांगितलं. डॉक्टर म्हणाली, तिथून पुढे वाचवलं नसेल. जोडप्यातला तो म्हणाला, पेन्सिल हरवली असेल. मी बरेच दिवस डोकं चालवलं, मग वाटलं, माणूस फोनच्या पलीकडे आहे, त्याला विचारावं की! तर विचारते. तिथे काय झालं होतं? मी आजारी पडले होते का? की खरंच पेन्सिल?

पुढचं सांगत नाही, पण पुढे बरंच काही आहे, आणि हसवणारंही भरपूर आहे.

म्हणून एक बेत केलाय. बाबांचे डोळे भिंग घेऊनही दहा मिनिटांत दमतात, आणि तू म्हणतेस, आता बसलं की डुलकी लागते. दर बुधवारी रात्री नऊला मी फोन करते आणि वाचते. अर्धा तास. डुलकी लागली तर लागू दे. बाबांनी मध्येच उच्चार सुधारायला हरकत नाही, मात्र एका पानात दोनदाच. आई, पहिल्यापासून सुरू करायचं की तुझ्या शेवटच्या रेघेपासून, ते तू ठरव आणि मंगळवारपर्यंत कळव. आणि फोन स्पीकरवर टाकायचं बटण बाबांना आत्ताच दाखवून ठेव, नाहीतर पहिला बुधवार त्यातच जाईल.

तुमची,
धाकटी

ता. क. पुस्तक परत आणून देईन. चिकटपट्टी बदलली आहे, रेघा तशाच आहेत.