फोनवर गोळ्या लिहून न देणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार.

परवा आमच्या कुत्र्याची, भुंग्याची, सहामाही तपासणी उरकून रिक्षाने घरी येताना वाटलं, तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत. खरं तर आधी रागच होता तुमच्यावर.

त्याला पहिली फीट आली रात्री तीनला. आडवा पडून चारही पाय सायकल मारल्यासारखे चाललेले, फरशीवर लाळ आणि लघवी. तुम्ही फिनोबार्बिटोन हे फिटांचं औषध सुरू केलंत, सकाळी आठ आणि रात्री आठ. तीन आठवड्यांनी औषधाची रक्तातली पातळी बघितलीत, २४ आली, फिटा थांबल्या. मग मी निर्धास्त. सहा महिन्यांनी मेडिकलवाल्याने नवी चिठ्ठी मागितली तेव्हा तुम्हाला फोन केला. "आठ दिवसांच्या गोळ्या देते, खंड पडायला नको. पुढच्या हव्या असतील तर त्याला घेऊन या." धडधाकट कुत्र्याला सुया कशाला? बिल वाढवायचे धंदे, असं मी ह्यांच्यापाशी बोललेसुद्धा.

तरी घेऊन आले. पातळी आली १४. गोळी तीच, वेळ तीच! तुम्ही समजावलंत की हे औषध रोज पोटात गेलं की लिव्हरच ते जास्त झपाट्याने निपटायला शिकतं. त्यात औषधाने भूक खवळते. १८ किलोचा भुंग्या २१ वर गेला होता (आमच्या सासूबाईंच्या चपात्यांचाही त्यात वाटा आहे). मग खोदून खोदून विचारलंत, तेव्हा मला आठवलं: पंधरा दिवसांपूर्वी झोपेत त्याचा जबडा कटकट वाजत होता, लाळ गळत होती. स्वप्न पडलं असेल म्हणून मी कूस बदलली होती. तुम्ही डोस थोडा वाढवलात आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंत. डोस बदलला की पातळी स्थिर व्हायला दोनेक आठवडे लागतात, हे मला तेव्हा कळलं. लाल झाकणाच्या साध्या नळीतच रक्त घ्या, जेलच्या नळीत पातळी खोटी कमी दिसते, हे लॅबवाल्यालाही तुम्हीच फोन करून बजावलंत.

वर्षभराने रिपोर्टात एएलपी (लिव्हरच्या तपासणीत बघतात ते एक एन्झाइम) वाढलेलं दिसलं, तेव्हा मी गोळ्या बंदच करायला निघाले होते. रात्री साडेनऊला तुम्ही फोन उचललात. "एकदम बंद केलंत तर फिटांमागून फिटा येतील. एएलपी या औषधाने तसंही वाढतं. लिव्हर नीट काम करतंय का, ते मी अल्ब्युमिन आणि बाइल ॲसिडवरून बघते, मग ठरवू." दोन्ही ठीक निघाली. त्या रात्री मी झोपू शकले ती तुमच्यामुळे.

आता स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पुढच्या तपासणीची तारीख लिहून ठेवली आहे. फिटेसाठी लाल फुली ठरवलीय, गेल्या चौदा महिन्यांत एकही मारावी लागली नाही. वजनकाट्यावर मात्र तो बिस्किटाशिवाय अजून चढत नाही. तेवढं एक बिस्कीट तुम्ही न पाहिल्यासारखं करता, त्याबद्दलही आभार.

तुमची,
भुंग्याची आई