लसूण याच महिन्यात लाव

एडिसन, 4 ऑक्टोबर

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "बागेचं आता एप्रिलमध्येच बघू. सध्या पानं गोळा करण्यातच शनिवार जातो." तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून सगळं लिहूनच काढते.

टोमॅटो-मिरचीचं मे महिन्यात बघ, त्याची घाई नाही. पण लसूण आणि ट्युलिप, डॅफोडिल या फुलांचे कंद यांची वेळ आत्ताची आहे, जमीन गोठून कडक व्हायच्या आतली. मिशिगनच्या ज्या थंडीचा तुला वैताग येतो, तीच यांना हवी असते. लसणाच्या पाकळीला पुरेसा गारठा मिळाला नाही, तर गड्डा धरतो खरा, पण आत पाकळ्या सुटत नाहीत, नुसता एक गोळा हाती येतो. ट्युलिपला बारा ते सोळा आठवड्यांची थंडी लागते. एप्रिलमध्ये दुकानात जाऊन ही थंडी विकत मिळत नाही.

आपण भाड्याच्या घरांत राहिलो तेव्हा मी कुंडीत मेथी-कोथिंबीर लावायची, महिन्या-दीड महिन्यात हातात यायची. पुढच्या वर्षी आपण तिथे असू की नाही, याचा भरवसा नसायचा. लसूण मी लावायला लागले ती या घरात आल्यावरच. आता तुझं स्वतःचं अंगण आहे. नऊ महिने जमिनीत राहणारं काहीतरी त्यात लाव, अशी माझी फार इच्छा आहे.

या आठवड्यात एक खोकं पाठवलंय. त्यात माझ्या वाफ्यातले 'म्युझिक' जातीचे गड्डे आहेत. मधे कडक दांडा आणि त्याभोवती चार-सहा जाडजूड पाकळ्या, अशी ही जात थंडीला चांगली टिकते. किराणा दुकानातला लसूण लावू नकोस. तो बहुतेक वेळा मऊ दांड्याचा, गरम भागातला असतो, आणि कोंब येऊ नयेत म्हणून कधीकधी त्यावर प्रक्रियाही केलेली असते.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी, कोलंबस डेच्या सुट्टीत लावून टाक. दिवसभर ऊन पडेल आणि पाणी साचणार नाही अशी जागा निवड, कंपोस्ट मिसळ. गड्डे लावायच्या दिवशीच फोड, पाकळीचं साल काढू नकोस. मोठ्या पाकळ्या जमिनीत, बारीक फोडणीला. आपला हात नेमका उलटा जातो आणि उरलेलं मातीत टाकतो, पण मोठ्या पाकळीचाच मोठा गड्डा होतो. चपटं बूड खाली, टोक वर. टोकावर दोन इंच माती, दोन पाकळ्यांत सहा इंच अंतर. हे काम मिहूला दे. तिच्या चिमटीत पाकळी अगदी बरोबर बसते, आणि तोंडात घातली तरी ती स्वतःच थुंकून टाकेल.

आणि ती पानं पिशव्यांत भरून रस्त्यावर ठेवू नकोस रे! मॅपलची आख्खी पानं ओली झाली की एकमेकांना चिकटून त्यांचा थर बसतो, म्हणून आधी त्यांच्यावर गवत कापायचा मॉवर फिरव. तो चुरा वाफ्यावर पाच-सहा इंच पसर. हिवाळ्यात जमीन गोठते, सुटते, परत गोठते, त्यात पाकळ्या वर उचलल्या जातात, त्या या पांघरुणाने जागेवर राहतात.

तुझे आजोबा जुन्नरला दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास लसूण लावायचे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचे. लावायचा हंगाम दोन्हीकडे सारखाच, पण तुझ्याकडे तो जुलैपर्यंत जमिनीत राहील. नोव्हेंबरात हिरवे कोंब दिसले तरी काळजी करू नकोस, बर्फाखाली ते तग धरतात. जूनमध्ये मधून वळणदार दांडे निघतील, ते कोवळे असताना कापून घे, म्हणजे गड्डा पोसतो. त्या दांड्यांचा शेंगदाणे आणि हिरवी मिरची घालून ठेचा कर. भाकरीबरोबर तुझ्या बाबांना तो इतका आवडतो की मी मुद्दाम एक ओळ जास्त लावते.

फुलांचं थोडक्यात सांगते. तुमच्या भागात हरणं फिरतात, आणि ट्युलिप म्हणजे त्यांचा खाऊ. म्हणून ट्युलिप थोडेच, दाराजवळ, सहा ते आठ इंच खोल लाव आणि वर तारेची जाळी अंथर, नाहीतर खारी उकरतात. कुंपणाकडे डॅफोडिल लाव. ते विषारी असल्यामुळे हरणं त्यांना तोंड लावत नाहीत, आणि वर्षागणिक ते वाढत जातात. पण त्याच कारणाने ते कंद कांद्या-बटाट्यांजवळ अजिबात ठेवायचे नाहीत, मिहूच्या हाताला लागतील असेही नकोत. फुलं गेली की पानं लगेच कापू नकोस. ती पिवळी पडेपर्यंत कंद पुढच्या वर्षाचं अन्न साठवत असतो.

तुमच्याच राज्यात हॉलंड नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या लिडा रॉजर्स यांनी 1927 साली गावाने ट्युलिप लावावेत असं सुचवलं. पुढच्या वर्षी नगरपालिकेने नेदरलँड्समधून 1 लाख कंद मागवून लावले आणि 1929 च्या मे महिन्यात ते फुलले. तिथला ट्युलिपचा उत्सव त्यातूनच सुरू झाला. आम्ही मे महिन्यात येतोय, तेव्हा सगळे मिळून जाऊ. तुमच्या ॲन आर्बरहून गाडीने अडीच तास लागतात, असं बाबा म्हणतात.

लावून झालं की वाफ्याचा फोटो पाठव. नुसती माती दिसली तरी चालेल. सूनबाईला आशीर्वाद, मिहूला पापा.

तुझी,
आई

ता. क. खोक्यात हायसिंथ या फुलझाडाचेही पाच कंद आहेत, वेगळ्या कागदी पिशवीत. त्यांनी हाताला खाज सुटते, हातमोजे घालूनच लाव.